कोल्हापुरात मॉड्युलर सिंथ जुळवताना: पॉवरपासून पहिल्या आवाजापर्यंत

मॉड्युलर सिंथेसायझरकडे, म्हणजे सुटे मॉड्यूल केबलने जोडून आवाज घडवायच्या वाद्याकडे, वळलेला नवीन माणूस पहिल्यांदा विचारतो, "ऑसिलेटर कुठला घेऊ?" आवाज तिथूनच निघतो, तेव्हा प्रश्न साहजिक आहे. पण घरी बनवलेल्या सिंथमध्ये धूर निघतो तो बहुतेक वेळा पॉवरची केबल उलटी लागल्यामुळे. म्हणून इथे क्रम वेगळा ठेवला आहे: आधी पॉवर, मग पत्रा, मग एक कंटाळवाणा मिक्सर, आणि आवाज त्यानंतर.

पाठ असावीत अशी मापं

सध्या सर्वात जास्त मॉड्यूल मिळतात ते युरोरॅक मापात. जर्मनीच्या डोप्फर कंपनीने १९९०च्या दशकात ए-१०० ही मालिका आणली आणि तिचीच मापं पुढे सगळ्यांनी उचलली. पॅनेलची उंची १२८.५ मिमी. रुंदी एचपीत मोजतात, १ एचपी म्हणजे ५.०८ मिमी. १९ इंची रॅकची एक ओळ ८४ एचपीची होते आणि पहिल्या केसला तेवढी एक ओळ पुरते. पॉवर +१२ आणि −१२ व्होल्ट, काही डिजिटल मॉड्यूलना शिवाय +५. जॅक ३.५ मिमी मोनो. ऑडिओ साधारण −५ ते +५ व्होल्टमध्ये खेळतो, गेट (सूर सुरू-बंद करणारा सिग्नल) ५ व्होल्ट किंवा त्याहून जास्त, आणि सुराचा व्होल्टेज १ व्होल्टने वाढला की सूर एक सप्तक वर जातो.

पॉवर

जुन्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस (पॉवर सप्लायचा डबा) बऱ्याच घरांत पडून असतो आणि त्यावर +१२, −१२, +५ असं सगळं लिहिलेलंही असतं. मोह होतो. लेबलावरचा −१२ चा आकडा नीट वाचा, तो बहुतेक वेळा अर्ध्या अँपिअरच्या आसपास किंवा त्याहून कमी निघतो. त्यात +५ वर भार नसेल तर +१२ जागेवर राहीलच याचा भरवसा नाही, आणि स्विचिंगची किरकिर ऑडिओत उतरते ती वेगळीच. पहिल्या सिंथला तो नको.

साधा लिनिअर सप्लाय शहरातल्या कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातल्या मालात होतो. १५-०-१५ व्होल्ट, १ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, चार १एन५४०२ डायोडचा ब्रिज, २२०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचे दोन कपॅसिटर, एक ७८१२, एक ७९१२, दोघांच्या आउटपुटला ४७ मायक्रोफॅरड, दोघांच्या पायाशी १०० नॅनोफॅरड, आणि दोन्ही आउटपुट ते ग्राउंड उलट दिशेने एकेक १एन४००७. हे शेवटचे दोन डायोड बरेच जण गाळतात. सुरू होताना एक बाजू आधी उठली तर ती दुसऱ्या बाजूला भारामधून उलट खेचते आणि मग तो रेग्युलेटर उठतच नाही, यासाठी ते लागतात.

दुकानदार १२-०-१२ पुढे करेल, कारण तो जास्त खपतो. नको म्हणा. १२ व्होल्ट एसीचं शिखर १७ च्या जवळ, डायोड वजा जाता १६ उरतात. अर्धा अँपिअर भाराला २२०० मायक्रोफॅरडवर साधारण २.३ व्होल्टचा रिपल (व्होल्टेजचा चढ-उतार) येतो, म्हणजे प्रत्येक लाटेचा तळ १४ च्या खाली जातो. ७८१२ ला इनपुटवर निदान १४ लागतात. लाईनचं व्होल्टेज जरा उतरलं की स्पीकरमधून १०० हर्ट्झची घुमघुम सुरू, आणि ती शोधण्यात लोक ऑसिलेटर उघडून बसतात. १५-०-१५ वर हीच बेरीज वीसच्या आसपास जाते आणि जागा उरते. कपॅसिटर मात्र ३५ व्होल्टचेच हवेत. भार नसताना आणि लाईन चढलेली असताना तिथे २४-२५ व्होल्ट दिसू शकतात, २५ चा कपॅसिटर तिथे काठावर येतो.

१ अँपिअरच्या ट्रान्सफॉर्मरमधून डीसीला साधारण ०.६ अँपिअरच मिळतात. प्रत्येक बाजूला अर्धा अँपिअर धरा आणि त्यातलेही सत्तर टक्केच वापरा, म्हणजे ३५० मिलिअँपिअर. मॉड्यूल घेताना त्याच्या माहितीत +१२ आणि −१२ चे मिलिअँपिअर वेगवेगळे दिलेले असतात. दोन रकान्यांत वेगवेगळी बेरीज करा. डिजिटल मॉड्यूल सगळा भार +१२ वर टाकतात, एकच बेरीज केली की हिशेब चुकतो.

अर्ध्या अँपिअरला प्रत्येक रेग्युलेटरमध्ये ४ वॉट उष्णता होते, म्हणजे हीट सिंक लागतोच. इथे एक जुना सापळा आहे. ७८१२ चा धातूचा भाग ग्राउंडला असतो, ७९१२ चा मात्र त्याच्या इनपुटला, म्हणजे −२० ला. दोघं एकाच हीट सिंकवर नुसते आवळले की सरळ शॉर्ट. मायका, स्क्रूला प्लास्टिकचं बुश, आणि नंतर मल्टिमीटरची बीप लावून खात्री. पायांचा क्रमही वेगळा: ७८१२ इनपुट-ग्राउंड-आउटपुट, ७९१२ ग्राउंड-इनपुट-आउटपुट.

२३० व्होल्टच्या बाजूला २५० मिलिअँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज फेजमध्ये, सगळ्या जोडांवर स्लीव्ह, धातूच्या केसला आणि हीट सिंकला अर्थिंग. पहिल्यांदा सुरू करताना ६० वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये घ्या. क्षणभर पेटून मंद झाला तर ठीक, भक्क पेटून राहिला तर ताबडतोब प्लग काढा. यातलं कधी काही केलं नसेल तर ट्रान्सफॉर्मरपर्यंतचं काम वायरमनकडून करून घ्या किंवा युरोरॅकसाठीचा तयार पॉवर बोर्ड घ्या. हट्ट करायची ही जागा नव्हे.

सप्लायपासून मॉड्यूलपर्यंत ग्राउंडची वायर जाड हवी, १ चौरस मिमी तरी. १०० मिलिअँपिअर ०.१ ओहमच्या वायरीतून गेले की ग्राउंड १० मिलिव्होल्टने हलतं. सुराच्या भाषेत ते १२ सेंट होतात (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). एलएफओचा (ऐकू न येणाऱ्या मंद गतीच्या ऑसिलेटरचा) एलईडी लुकलुकतो आणि त्याच तालावर ऑसिलेटरचा सूर डोलतो, हा प्रकार बहुतेक वेळा इथून येतो.

एफआरसी केबल

मॉड्यूलला पॉवर जाते ती १० किंवा १६ पिनांच्या एफआरसी (चपट्या रिबन) केबलने. क्रम असा: पहिली जोडी −१२, मग तीन जोड्या ग्राउंड, मग +१२. १६ पिनांत त्यापुढे +५, सीव्ही (कंट्रोल व्होल्टेज, सूर वगैरे ठरवणारा) आणि गेट. केबलची लाल पट्टी नेहमी −१२ कडे. लाल म्हणजे प्लस ही आपल्या हाताला लागलेली सवय इथे विसरावी लागते.

कनेक्टर हातोडीने ठोकू नका, व्हाइसमध्ये धरून हळूहळू दाबा. मग प्रत्येक टोकाच्या त्रिकोणी खुणेची पिन लाल पट्टीशीच बोलते का, ते बीपने पाहा. कनेक्टर केबलच्या चुकीच्या अंगाला दाबला गेला तर सगळी रांग उलटी होते आणि डोळ्यांना काहीच दिसत नाही. मॉड्यूलच्या बाजूला नुसती बर्ग स्ट्रिप (उघड्या पिनांची पट्टी) न लावता खाच असलेला बॉक्स हेडर घ्या. बर्ग स्ट्रिपवर प्लग एक ओळ सरकून बसला की काय होईल ते सांगता येत नाही.

पत्रा आणि भोकं

या बाबतीत कोल्हापूरकर नशीबवान. उद्यमनगरात पत्र्याचं काम करणारी वर्कशॉप आहेत, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतही तीच परंपरा. २ मिमी ॲल्युमिनियम मागा. एकच पॅनेल कापायला कुणी मशीन लावणार नाही, म्हणून आठ-दहा पॅनेल एका ड्रॉइंगवर मांडा, डीएक्सएफ फाइल मिलिमीटरमध्ये द्या आणि एका भोकाचा व्यास तोंडी सांगून मोजून दाखवायला लावा. मिमीची फाइल इंचात उघडली गेली की काय होतं ते पत्रा वाया गेल्यावर कळतं.

४ एचपीचं पॅनेल २० मिमी, ८ एचपीचं ४०.३, १२ एचपीचं ६०.६ मिमी ठेवतात, म्हणजे शेजारी-शेजारी बसताना घासत नाहीत. स्क्रूची भोकं ३.२ मिमीची, वरच्या आणि खालच्या कडेपासून ३ मिमीवर, डाव्या कडेपासून ७.५ मिमीवर. जॅकला ६ मिमी, पॉटला (नॉबने फिरवायच्या रेझिस्टरला) ७ मिमी, ३ मिमी एलईडीला ३.२. जॅक आणि पॉट आधी विकत घ्या, व्हर्नियरने मोजा आणि मगच फाइल पाठवा. दुकानागणिक माल बदलतो. पावडर कोटिंग करणार असाल तर भोक ०.२ मिमीने मोठं ठेवा, आणि जॅकच्या मागचा रंग खरवडा किंवा ग्राउंडची वायर स्वतंत्र ओढा, कारण रंगातून ग्राउंड जात नाही. मागची पीसीबी ११० मिमीपेक्षा उंच नको, नाहीतर केसच्या पट्ट्यांत अडकते.

घरीच ड्रिल मारायचं असेल तर सेंटर पंच, मग ३ मिमीचं भोक, मग स्टेप ड्रिल. ट्रॉफी आणि नेमप्लेटवाल्यांकडे ३ मिमी ॲक्रिलिक लेझरवर छान कापून, वर अक्षरं कोरूनही मिळतं. दोन भोकांमध्ये ४ मिमीपेक्षा कमी अंतर ठेवलं की नट आवळताना तडकतं, एवढं सांभाळा.

पहिला मॉड्यूल: तीन इनपुटचा मिक्सर

हा ऑडिओही मिसळतो आणि सीव्हीही, त्यामुळे शेवटपर्यंत उपयोगी पडतो. झीरो पीसीबीवर (तयार भोकांच्या बोर्डवर) होतो. सामान: टीएल०७२ (दोन ऑप-ॲम्पची चिप) एक, ८ पिनांचा आयसी बेस, १०० किलोओहमचे १ टक्का मेटल फिल्म रेझिस्टर सहा, १ किलोओहम एक, १० ओहम दोन, बी१००के पॉट तीन, मोनो जॅक चार, १एन५८१७ दोन, २२ मायक्रोफॅरड २५ व्होल्ट दोन, १०४ छापलेले (१०० नॅनोफॅरड) सिरॅमिक कपॅसिटर दोन, ३३ पिकोफॅरड दोन, १० पिनांचा बॉक्स हेडर.

१. प्रत्येक रेझिस्टर लावण्याआधी मल्टिमीटरने मोजा. पाच पट्ट्यांच्या १०० किलो आणि १० किलोमध्ये फरक एकाच पट्टीचा, आणि ट्यूबलाइटखाली नारिंगी आणि लाल सारखेच दिसतात.

२. पॉवरचा भाग. +१२ पासून १० ओहम, मग १एन५८१७, पट्टी सर्किटकडे. −१२ ला तेच, पण डायोडची पट्टी हेडरकडे. २२ मायक्रोफॅरडचे प्लस-मायनस: +१२ वर प्लस लाईनला, −१२ वर प्लस ग्राउंडला. दुसरा कपॅसिटर हमखास उलटा लागतो, कारण हात दोन्ही एकाच दिशेने बसवून मोकळा होतो. उलटा लागलेला काही मिनिटांत गरम होऊन फुगतो.

३. आयसी बेस. १०४ चे दोन्ही कपॅसिटर त्याच्या अगदी अंगाला, पिन ८ ते ग्राउंड आणि पिन ४ ते ग्राउंड.

४. पिन ३ आणि ५ ग्राउंडला. पिन १ ते २ मध्ये १०० किलो, पिन ७ ते ६ मध्ये १०० किलो, दोन्हींवर ३३ पिकोफॅरड समांतर. पिन १ पासून १०० किलो घेऊन पिन ६ ला. पहिला भाग सिग्नल उलटा करतो, दुसरा तो परत सुलटा करतो. ऑडिओला फरक पडला नसता, सीव्हीला पडतो.

५. जॅकचं टोक पॉटच्या एका कडेला, पॉटची दुसरी कड ग्राउंडला, मधला पाय १०० किलोमधून पिन २ ला. असे तीन.

६. पिन ७ पासून १ किलो आणि मग आउटपुट जॅक.

दुकानात मिळणारे बरेच जॅक हेडफोनचे, म्हणजे स्टिरिओ असतात. त्यांचा तिसरा पाय स्विचचा समजून लोक जोडतात. मोनो प्लग घातला की तो पाय ग्राउंडला जातो आणि जे जोडलं असेल ते शॉर्ट होतं. प्लग घालून बीपने ओळखा, रिंगचा पाय असेल तर मोकळा सोडा.

आता तपासणी, आयसी न लावता. +१२ ते ग्राउंड, −१२ ते ग्राउंड आणि +१२ ते −१२, तिन्हीकडे बीप राहता कामा नये. कपॅसिटर भरताना क्षणभर वाजली तर चालेल. मग पॉवर द्या. पिन ८ वर १२ च्या किंचित खाली, पिन ४ वर तेवढेच उणे दिसले पाहिजेत. पॉवर काढा, आयसीची खाच बघून तो बसवा, पुन्हा पॉवर द्या. काही न जोडता पिन १ आणि ७ शून्याच्या आसपास, काही मिलिव्होल्टच्या आत हव्यात. पिन +१० किंवा −१० ला चिकटली असेल तर फीडबॅकचा १०० किलो सुटलेला आहे किंवा त्याचा सोल्डरचा जोड कच्चा आहे. एका टीएल०७२ ला फक्त ३ मिलिअँपिअरच्या आसपास लागतात, बोटाला गरम लागला तर उलटा बसलाय.

सोल्डर ०.८ मिमी, ६०/४० किंवा ६३/३७, रोझिन कोअरची. तापमान ठरवता येणारं आयर्न असेल तर ३५० अंश. नळाला लावायची आम्लाची पेस्ट इथे चालत नाही, सहा महिन्यांत पाय हिरवे पडतात.

पहिला आवाज

सीडी४०१०६ मध्ये सहा श्मिट इन्व्हर्टर (सिग्नल उलटा करणारे भाग) असतात. पिन १४ ला +१२, पिन ७ ग्राउंड, जवळ १०४. पिन १ ते ग्राउंड १०० नॅनोफॅरड, पिन २ पासून परत पिन १ ला १० किलो आणि १ मेगाओहमचा पॉट मालिकेत. पिन २ पासून १ मायक्रोफॅरड आणि १ किलोमधून जॅक. पॉट फिरवला की दहा-बारा हर्ट्झच्या टकटकीपासून १ किलोहर्ट्झच्या पुढेमागे जातो, चिपगणिक फरक पडतो. उरलेले इनपुट, म्हणजे ३, ५, ९, ११, १३, मोकळे न सोडता ग्राउंडला. नाहीतर उरलेल्या पाचांवरही ऑसिलेटर करा, एका चिपमध्ये तानपुऱ्यासारखा ड्रोन तयार होतो. ते एकमेकांना थोडे ओढतात, जवळचे सूर एकमेकांना चिकटतात. ड्रोनला ते शोभतं, आमच्या मते.

दुकानात ४०१०६ नसला की "तोच आहे" म्हणून ७४एचसी१४ मिळतो. पिना तशाच, पण तो ६ व्होल्टपर्यंतचा. १२ वर जागेवर मरतो.

हा आवाज मोबाइलला किंवा साउंड कार्डला थेट देऊ नका. युरोरॅकचे १० व्होल्ट लाईन इनपुटच्या दहापट आहेत. मध्ये १०० किलो आणि १० किलोचा विभाजक टाका: सिग्नल १०० किलोमधून, पुढच्या बिंदूपासून १० किलो ग्राउंडला, त्याच बिंदूवरून १ मायक्रोफॅरड आणि बाहेर. १० चे ०.९ होतात.

किट निवडताना, आणि सुरात लागणारा ऑसिलेटर

वरचा ऑसिलेटर १ व्होल्टला १ सप्तक असा कधीच चालणार नाही. त्यासाठी एक्स्पोनेन्शिअल कन्व्हर्टर (दर व्होल्टला वारंवारता दुप्पट करणारा भाग) लागतो, आणि तो तापमानाला हळवा असतो: खोलीच्या तापमानाला दर अंशाला सुमारे ०.३३ टक्के. म्हणून त्यात ३३०० पीपीएमचा टेम्पको (तापमानाप्रमाणे बदलणारा) रेझिस्टर आणि जुळवलेले ट्रान्झिस्टर घालतात, किंवा हे बरंचसं आतच असलेली एएस३३४० सारखी चिप वापरतात. हा मॉड्यूल किट म्हणूनच घ्या, स्वतः जुळवायला बसू नका. फिल्टर, व्हीसीए (व्होल्टेजने आवाजाची पातळी बदलणारा) आणि एन्व्हलप (सुराचा चढ-उतार ठरवणारा) ही त्यानंतरची खरेदी. व्हीसीए एकाऐवजी दोन घेतलेत तर पस्तावणार नाही.

नुसती पीसीबी मागवणार असाल तर आधी भागांची यादी वाचा. रेझिस्टर-कपॅसिटर इथे मिळतात, बाकीसाठी पुण्याची तपकीर गल्ली, मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा ऑनलाइन. यादीत व्हॅक्ट्रोल (एलईडी आणि प्रकाशाने बदलणारा रेझिस्टर एकत्र), टेम्पको किंवा बंद पडलेली चिप असेल तर ती हातात येईपर्यंत पीसीबीचे पैसे भरू नका. परदेशातून मागवताना कस्टम ड्यूटी आणि कुरिअरचा खर्च धरा. म्युटेबल इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीची डिझाइन खुली आहेत आणि उत्तम आहेत, पण बहुतेक एसएमडी (पीसीबीच्या पृष्ठभागावर सोल्डर करायचे बारीक भाग), पहिल्या वर्षाच्या हाताला नाहीत. २एन३९०४ च्या जागी बीसी५४७ मिळाला तर बहुतेक ठिकाणी चालतो, पण पाय उलटे: सपाट बाजू समोर धरली तर पहिला एमिटर-बेस-कलेक्टर, दुसरा कलेक्टर-बेस-एमिटर. छापलेल्या आकृतीच्या उलट फिरवून बसवा.

ऑसिलेटर सुरात लावताना आधी २० मिनिटं चालू ठेवा, केसचं झाकण बंद ठेवा. १ व्होल्टचे टप्पे द्या आणि फोनवरच्या ट्यूनरने ११०, २२०, ४४०, ८८० येईपर्यंत प्रीसेट (पीसीबीवरचा छोटा पॉट) फिरवा. वरचा सूर चढा असेल तर प्रीसेट किंचित कमी, मग मुख्य नॉबने खालचा ११० परत लावा, मग पुन्हा वरचा. तीन-चार फेऱ्यांत बसतो. एप्रिलच्या दुपारी पत्र्याच्या खोलीत लावलेला सकाळी बोलेलच असं नाही, वाजवायचा त्या वेळी लावा.

एका सीव्हीला दोन ऑसिलेटर साध्या मल्टिपलने (एक सिग्नल अनेक जॅकना वाटणाऱ्या मॉड्यूलने) जोडले की दोघंही उतरतात. आउटपुटला १ किलो, प्रत्येक इनपुट १०० किलो, तर दुसरा जोडताच आणखी एक टक्का जातो. ५ व्होल्टवर ते ४८ मिलिव्होल्ट, म्हणजे साधारण ५८ सेंट, लागून असलेल्या दोन सुरांतल्या अंतराच्या अर्ध्याहून जास्त. सुरासाठी बफर्ड मल्टिपल घ्या, टीएल०७२ च्या दोन फॉलोअरमध्ये घरीही होतो.

रागसंगीतासाठी वाजवणार असाल तर क्वांटायझर लांब ठेवा. तो बारा समान तुकडे करतो आणि तानपुऱ्यातून ऐकू येणारा शुद्ध गंधार त्यात बसत नाही. समान सप्तकात गंधार ०.३३३ व्होल्टवर, ५/४ चा ०.३२२ वर, फरक ११ मिलिव्होल्टचा. साध्या पॉटने आणि कानाने तो लागतो, आणि मींडेला स्ल्यू लिमिटर (व्होल्टेज सावकाश बदलणारा मॉड्यूल) पुरतो.

पावसाळा

जूनपासून हवेतला ओलावा हाय-इम्पिडन्स सर्किटला जाणवतो. पीसीबीवर फ्लक्स राहिला असेल तर तिथून गळती होते आणि सॅम्पल-अँड-होल्डचा (व्होल्टेज धरून ठेवणाऱ्या मॉड्यूलचा) सूर हळूहळू घसरतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने घासून घ्या, पॉट आणि जॅक लावण्याआधी. केसमध्ये सिलिका जेल ठेवा. जॅक खरखरला तर प्लग पाच-सहा वेळा आत-बाहेर करा, नाहीच गेलं तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा. दुचाकीच्या साखळीसाठी आणलेला तेलकट स्प्रे पॉटमध्ये मारू नका, त्यात धूळ बसते आणि पॉट बदलावाच लागतो.